दिवाळी ते शिवरात्र : कोकणातल्या बारा गडांची हिवाळी यादी

कोकणातल्या गडांवर जायचं ते पावसात, अशी हल्ली रीतच पडली आहे. धबधबा, धुकं, चिंब झालेली टोळी. फोटो झकास येतात, पण गड दिसत नाही. तटबंदी कुठून कुठे गेली, समोरचा डोंगर कुठला, काही पत्ता लागत नाही आणि शेवाळलेल्या कातळावर पाय जपण्यातच सगळा दिवस जातो. गड नीट बघायचा असेल आणि चार मित्र जमवून एका हंगामात एक अख्खी यादी पुरी करायची असेल, तर दिवाळी ते महाशिवरात्र एवढेच दिवस आपले. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात. कोकणात ती त्याच्याही आधी काढता पाय घेते.

पहिल्यांदाच असं काही करायचं ठरवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणाला रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतले बारा गड धरले आहेत. तुम्ही राजापूरचे किंवा कुडाळचे असाल तर गड बदला, पद्धत तीच ठेवा. एक गोष्ट मात्र बदलू नका: गड उंचीच्या क्रमाने लावू नका, नावाच्या क्रमानेही नको, महिन्याच्या क्रमाने लावा. कोकणातला हिवाळा दर पंधरवड्याला रंग बदलतो. नोव्हेंबरात जी वाट गवतात बुडालेली असते ती जानेवारीत हमरस्त्यासारखी दिसते, आणि डिसेंबरात जिथे दुपारी जेवण करून डुलकी काढता येते तिथे फेब्रुवारीत अकरा वाजता डोकं धरून बसायची पाळी येते.

आधी माणसं जमवा

पाच ते सात जण बरे. चारांच्या खाली जाऊ नका. कोणाचा पाय मुरगळला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि दोघांनी मदतीला गावात जायचं, हा हिशेब चारांशिवाय जुळत नाही. सातांच्या वर गेलात की एका जीपमध्ये मावत नाही आणि पुढचा माथ्यावर पोचला तरी मागचा पहिल्या चढावर असतो.

दिवाळीतच सगळ्यांना फराळाला बोलवा आणि कॅलेंडर पुढ्यात घ्या. कोणाच्या घरी लग्न, कोणाची परीक्षा, कोणाची रात्रपाळी, सगळं खोडून झालं की उरतील ते शनिवार-रविवार तारखांसकट लिहून टाका. ‘बघू, ठरवू, ग्रुपवर टाकतो’ यात डिसेंबर कधी संपतो ते कळत नाही. ठरलेल्या तारखेला दोघं गळाले तरी उरलेल्यांनी निघायचं, हे त्याच दिवशी बोलून घ्या.

‘गड झाला’ असं कधी म्हणायचं तेही आधीच ठरवा, नाहीतर भांडणं होतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात चार हजार फुटांवरच्या ४८ शिखरांची यादी आहे. ती हिवाळ्यात पुरी करणाऱ्यांचा नियम असा की डिसेंबरातल्या अयनदिनाच्या (वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या) क्षणापासून मार्चमधल्या संपाताच्या (दिवस-रात्र सारखे होण्याच्या) क्षणापर्यंत चढलेलंच शिखर मोजायचं. तास-दोन तास आधी माथ्याला हात लावला तरी ते हिवाळ्याच्या खात्यात जमा होत नाही. तो नियम इथे आणला तर आपला निम्मा चांगला हंगाम वाया जाईल आणि मार्चच्या उन्हात होरपळणं नशिबी येईल, ते निराळं. पण नियम असण्यातली गंमत त्यांच्याकडून घ्यावी. माझं मत विचाराल तर यादी टोळीची ठेवा. निम्म्याहून जास्त माणसं बालेकिल्ल्यावर पोचली की गड झाला. एखाद्याचा चुकला तर त्याला टोमणे नाहीत, आणि फेब्रुवारीतला एक शनिवार राहिलेल्या गडासाठी मोकळा सोडायचा.

कामं तीनच. एक पुढचा, ज्याला वाट माहीत आहे किंवा निदान वाचता येते. एक शेवटचा, ज्याच्या मागे कोणीही राहायचं नाही. टोळीतला सर्वांत तगडा माणूस इथे लावा, पुढे नको. आणि एक हिशेबनीस. पैशांवरून मोडलेल्या टोळ्या गुडघ्यांमुळे मोडलेल्या टोळ्यांपेक्षा जास्त असाव्यात, असा माझा दाट संशय आहे.

यादी आणि तिचा क्रम

बारा गड हे: कर्नाळा, सागरगड, रायगड, तळगड, घोसाळगड, अवचितगड, सरसगड, सुधागड, रसाळगड, सुमारगड, महिपतगड आणि शेवटी कोर्लई. यात मुद्दाम लिंगाणा नाही, कलावंतीण नाही. नवख्यांच्या यादीत असे अवघड सुळके घालणं म्हणजे हौसेला मोल नाही, दुसरं काय.

दिवाळीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे. गवत छातीला लागतं, कारवी दाट असते, आणि सकाळी दहिवर इतकं पडतं की पहिल्या दहा मिनिटांत बूट-मोजे ओले होतात. वाटा बुजलेल्या. शिवाय भाताची कापणी आणि झोडणी चालू असते, त्यामुळे पायथ्याच्या गावात वाटाड्या म्हणून यायला कोणाला फुरसत नसते. म्हणून या दिवसांत मळलेल्या वाटांचेच गड घ्या.

पहिला कर्नाळा. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच पक्षी अभयारण्य आहे, तिथे तिकीट काढून आत जायचं. वाट स्पष्ट, झाडीतली, आणि शेवटी अंगठ्यासारखा तो सुळका. सुळक्याच्या पायथ्यापर्यंत गेलात की गड झाला. वर मान करून बघा: कातळाला काळी आग्यामोहोळं लटकलेली दिसतील. तिथे हळू बोला, अत्तर किंवा डिओ मारून येऊ नका आणि सिगरेट पेटवण्याचा विचारही नको. माश्या उठल्याच तर हात झाडायचे नाहीत, ओरडायचं नाही. तोंड आणि मान कपड्याने झाकून, वाकून, जमेल तितक्या लवकर मोहोळापासून लांब झाडीत शिरायचं. कड्याच्या बाजूला मात्र धावायचं नाही.

मग सागरगड. अलिबाग-पेण रस्त्यावरच्या खंडाळे गावातून वाट चढते, सिद्धेश्वराचं देऊळ लागतं आणि पुढे सागरगड माचीची वस्ती. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हाही होता, कर्नाळाही होता. नकाशा उघडून दोन्ही बघितलेत की या पट्ट्याला केवढं मोल होतं ते ध्यानात येतं. माचीवर चहा मिळाला तर घ्या, आणि परतीच्या जेवणाचंही तिथेच सांगून ठेवा.

तिसरा रायगड, पायऱ्यांनी. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही, आणि कोणाचा गुडघा किती पाण्यात आहे ते पहिल्या तासातच कळतं. ज्याचा गुडघा कुरकुरला त्याने उतरताना रोपवे घ्यावा. चढणं पायांचं काम, उतरणं गुडघ्यांचं. जमलं तर रायगडला शनिवार-रविवार टाळा. महादरवाज्यात रांग लावून उभं राहण्यात कसलं आलंय गड बघणं!

डिसेंबर. हा खरा सोन्याचा महिना. गवत पिवळं पडून आडवं झालेलं, टाक्यांत पाणी भरपूर, हवा स्वच्छ. आता जोडीने गड घ्या. रोह्याला मुक्काम करून एक दिवस अवचितगड, दुसऱ्या दिवशी घोसाळगड आणि तळगड. अवचितगडाला मेढ्याच्या बाजूने जाता येतं. रान दाट आहे, ढोरवाटा फार फुटतात, तेव्हा गावातून कोणीतरी बरोबर घ्या. माथ्यावरून कुंडलिकेचं खोरं पसरलेलं दिसतं. घोसाळगड आणि तळगड चढायला छोटे, एका दिवसात दोन्ही आरामात होतात आणि वेळ उरला तर तळा गावाजवळची कुडा लेणी बघता येतात. घोसाळ्याच्या कातळातल्या पायऱ्या अरुंद आहेत, तिथे एकेकाने जा.

पुढचा शनिवार-रविवार पालीचा. वाकण फाट्यावरून किंवा खोपोलीकडून पालीला या, बल्लाळेश्वराचं दर्शन घ्या आणि लगेच सरसगड. उंचीला बेताचा, पण पायऱ्या गुडघाभर उंच आणि उभ्या. चढताना काही वाटत नाही. उतरताना मात्र तोंड कातळाकडे करून, शिडी उतरतो तसं उतरा, लाज वाटून घेऊ नका. रविवारी सुधागड. ठाकूरवाडीहून लोखंडी शिडी असलेली वाट आहे, धोंडशाहून महादरवाज्याची. पहिल्या खेपेला ज्या वाटेने चढलात त्याच वाटेने उतरा, गाडी तिथेच उभी असते. वर भोराई देवीचं देऊळ, पंत सचिवांचा वाडा, टाकी, आणि पसरट पठार. या यादीतला एकच गड निवांत बघायला मिळणार असेल तर तो सुधागड असावा, असं मी कोणालाही सांगेन.

नाताळचा आठवडा. घरी बसा. खरंच. अलिबाग-मुरूडकडे गाड्यांच्या रांगा लागतात, महामार्ग तुंबतो, आणि राहायला मिळालंच तर तिप्पट भावाने.

जानेवारी. पहिले तीन आठवडे खेडच्या तीन गडांसाठी राखून ठेवा. त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. महिन्याअखेरीला गवत इतकं सुकतं की वणव्यांचा हंगाम सुरू होतो. समोरच्या सोंडेवर धूर दिसला आणि वारा तुमच्याकडे असेल तर माथ्याचा हट्ट सोडून खाली या. वाळल्या गवतात आग माणसापेक्षा वेगाने चढते, आणि तीही चढावर जास्तच.

फेब्रुवारी. पहाटे निघून नऊला माथा, अकराला पायथा, एवढंच जमतं. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली होती, आणि भिरा आपल्या सुधागडापासून काही फार लांब नाही. म्हणून फेब्रुवारीत राहिलेला एखादा छोटा गड आणि समुद्राकाठचा कोर्लई, बस्स.

पोचायचं कसं

स्वतःची गाडी असली तर प्रश्न नाही, पण रात्री गाडी चालवून आलेल्या माणसाला पहाटे चढायला लावू नका. कोकण रेल्वे उत्तम: रोहा, माणगाव, वीर आणि खेड ही चार स्टेशनं या यादीला पुरतात. पुढे एसटी, नाहीतर मिनीडोअर रिक्षा. आडगावांना संध्याकाळची मुक्कामी एसटी असते. रात्री गावात झोपते आणि पहाटे परत सुटते. तिने गेलात तर रात्र गावात, सकाळी सहाला चढाई, असं झकास जमतं. मात्र वेळापत्रक डेपोत फोन करून विचारा. इंटरनेटवरच्या वेळांच्या भरवशावर राहू नका, त्या कोणत्या सालच्या असतात देव जाणे. आणि गाडीवाल्याचं परतीचं भाडं ठरवताना जाण्याच्याच वेळी नक्की करा. संध्याकाळी दमलेल्या पोरांकडून घासाघीस होत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं.

पाठीवर काय

पाणी माणशी तीन लिटर. थंडी आहे म्हणून दोनवर भागवू नका. कोकणात डिसेंबरातही दुपारी घाम निथळतो. टाक्यातलं पाणी गाळून, क्लोरिनचे थेंब टाकून किंवा उकळून प्या. ओआरएसची पाकिटं ठेवा. कोकमाचं आगळ, साखर आणि चिमूटभर मीठ एका बाटलीत कालवून नेलंत तर ते आवडीने संपतं.

जेवणाला भाकरी-चटणी, उकडलेले बटाटे, केळी, गूळ-शेंगदाणे. पावाच्या सॅंडविचची दुपारी बारा वाजता काय अवस्था होते ते एकदा बघाच, म्हणजे परत नेणार नाही.

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पूर्ण पँट, टोपी. हाफ पँट घालून जाणारा गवतातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या पोटऱ्यांवर रेघोट्या उठलेल्या असतात. बुटांचा तळ खाचदार हवा. कोकणात दोन तऱ्हेचा दगड लागतो: समुद्राकडे जांभा, सह्याद्रीकडे काळा कातळ. जांभ्याची खडबडीत पकड चांगली, पण त्यावरचा सुटा मुरूम बॉलबेअरिंगसारखा पायाखालून निसटतो. उताराला पाऊल आडवं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा आणि घसारा आला की पुढच्या माणसापासून चार-पाच हात अंतर राखा, म्हणजे सुटलेला दगड त्याच्या टाचेवर जाणार नाही.

प्रत्येकाकडे शिट्टी आणि बॅटरी. मोबाइलचा टॉर्च ही बॅटरी नव्हे. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि रानात साडेसहाला डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. त्यामुळे दुपारी तीनला, माथा झालेला असो वा नसो, उतरायला लागायचं. हा नियम घड्याळ बघणाऱ्या एकाच माणसाच्या हातात द्या आणि त्याच्याशी वाद घालू नका.

नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. खोऱ्यांत रेंज नसते. माथ्यावर येते आणि मग सगळे मान खाली घालून बसतात.

रानातली मंडळी

नवख्यांना बिबट्याची भीती वाटते. तो तुमच्या आधीच निघून गेलेला असतो. काळजी घ्यायची ती लहान गोष्टींची.

फुरसं. वीतभर-हातभर लांबीचं, मातकट, जांभ्याच्या दगडात दिसतही नाही. कोकणातल्या सर्पदंशांत त्याचा वाटा मोठा. न बघता दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, काठी आपटत चालायचं, गवतात बसण्याआधी जागा बघायची. चावलंच तर करकचून बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही. चावलेला भाग हलू न देता, माणसाला जमेल तितकं न चालवता खाली आणा, १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा, तिथे प्रतिविष असतं. भगताकडे नेऊ म्हणणारा कोणीतरी गावात भेटतो. त्याला हात जोडा आणि पुढे निघा.

लाल विंचू. रात्री बाहेर काढून ठेवलेले बूट सकाळी झटकल्याशिवाय घालू नका. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथल्याच रुग्णांवर काम करून दाखवलं. त्याआधी लाल विंचवाने कोकणात कितीतरी माणसं, पोरं गेली आहेत. आता उपचार आहेत, पण ते दवाखान्यात आहेत. अंगावर काढू नका.

खाजकुयली. हिवाळ्यात तिच्या तपकिरी, मखमली शेंगा वाळून वेलीवर लोंबतात आणि वाऱ्यानेसुद्धा लव उडते. दिसायला इतकी गोजिरवाणी की हात लावावासा वाटतो. लागली तर चोळायचं नाही, चोळलं की पसरते. चिकटपट्टी लावून लव उपटून काढा, मग पाण्याने धुवा, आणि तो शर्ट वेगळ्या पिशवीत टाका.

तुम्ही यादी दक्षिणेकडे न्याल तर आणखी एक. सावंतवाडी-दोडामार्गकडे गोचिडींतून पसरणारा माकडताप आहे आणि त्याचा हंगाम नेमका डिसेंबरापासून सुरू होतो. पँट मोज्यात खोचा, उतरल्यावर अंग तपासा, रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका आणि आरोग्य केंद्रात कळवा. गवेही तिकडेच, एकटा गवा दिसला तर थांबा आणि वाट त्याची आहे असं समजा.

मोठा अपघात झाला तर ११२ वर फोन करा, पायथ्याच्या गावातल्या पोलीस पाटलांना कळवा. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही गिर्यारोहकांची मदतयंत्रणा आहे; तिचा नंबर निघण्यापूर्वीच सगळ्यांच्या फोनमध्ये भरून ठेवा.

गावात वागायचं कसं

गावात शिरताना गाणी बंद. पहिल्या अंगणात थांबून ‘मामा, गडावर निघालोय, वाट कशी आहे?’ असं विचारा. वाट माहीत असली तरी विचारा. यात दोन कामं होतात: आज कुठे वणवा लागलाय, कुठली वाट ढासळली, ते कळतं, आणि किती पोरं वर गेली ते गावाला माहीत होतं. खेडकडे एका मावशींनी विहिरीवरून आवाज दिला होता, “हितनंच पाणी भरून घ्या रे, वर काय मिळायचं नाय.” असा आवाज आला की बाटल्या भरल्या असल्या तरी थांबून वरचा घोट भरून घ्यावा.

वाटाड्याचे पैसे आधी ठरवा आणि त्याच्या जेवणाचा डबा आपल्याकडून. जेवण गावातच सांगा: तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकट खाणाऱ्यांना सुकट. ताटामागे किती ते विचारून घ्या आणि घासाघीस करू नका. जानेवारीत रोहा-अलिबागकडे असाल आणि कोणी पोपटीला थांबा म्हणालं तर नाही म्हणू नका. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी, वरून जाळ. दुसऱ्या दिवशीचा गड उशिरा निघाला तरी चालेल, एवढी सूट यादीने द्यायला हवी.

गडावर मुक्काम करायचा असेल तर पुरातत्त्व खात्याच्या आणि वनखात्याच्या ताब्यातल्या जागांचे नियम पायथ्यालाच विचारा. बऱ्याच ठिकाणी रात्री राहायला, चूल पेटवायला मनाई असते. नवख्यांनी तसाही मुक्काम गावातच करावा. शाळेच्या किंवा देवळाच्या पडवीत झोपायचं तर गावकऱ्यांना विचारून. कचरा परत आणायचा, हे सांगायला लागू नये, पण सांगतो: केळ्याची सालंसुद्धा. माकडांना चटक लागते.

रसाळ, सुमार, महिपत

यादीतली खरी परीक्षा ही. खेडच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर एक डोंगररांग आहे, तिच्यावर हे तीन गड ओळीने बसले आहेत. दोन रात्री, तीन दिवस लागतात. शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी लागते, म्हणून जानेवारीच्या पहिल्या तीन आठवड्यांत ती कधी मिळते ते दिवाळीतच बघून ठेवा.

पहिल्या दिवशी खेडहून जीप करून रसाळवाडी. तिथून रसाळगड थोडक्या चढाईत होतो. झोलाई देवीचं देऊळ आहे, तोफा आहेत, पाणी आहे. दिवस हाताशी ठेवून सगळा गड फिरा आणि लवकर झोपा.

दुसरा दिवस लांब. वाटाड्याशिवाय निघूच नका. रान इतकं गर्द आहे की ऊन लागत नाही ही चांगली गोष्ट, दिशा कळत नाही ही वाईट. गुराख्यांच्या वाटा, लाकूडतोड्यांच्या वाटा, रानडुकरांच्या वाटा, सगळ्या सारख्याच दिसतात. सुमारगडाच्या माथ्याजवळचा टप्पा उघडा आहे, एका अंगाला दरी. तिथे दोर बरोबर ठेवा आणि दोर नीट लावता येणारा माणूसही. नुसता दोर हातात धरून उभा राहणारा मित्र म्हणजे सुरक्षा नव्हे. टोळीत कोणी घाबरलं तर त्याला खाली खिंडीत दुसऱ्या एकाबरोबर बसवा. वर ठरवलेल्या नियमाप्रमाणे निम्म्याहून जास्त पोचले की गड झाला, मग कोणाला ओढून वर नेण्याचं कारण उरत नाही. हा नियम मुख्यतः सुमारगडासाठीच केला आहे, म्हणा ना.

संध्याकाळी महिपतगडाच्या पोटातल्या बेलदारवाडीत मुक्काम. तिसऱ्या दिवशी महिपतगड. तिघांत उंच आणि पसरट, माथ्यावर पारेश्वराचं देऊळ. हवा स्वच्छ असेल तर समोर मधु-मकरंदगडाची जोडी आणि मागे महाबळेश्वरचं पठार. अकरापर्यंत उतरायला लागा. खेडची संध्याकाळची गाडी धरायची तर दुपारच्या जेवणाला फाटा द्यावा लागतो, तेव्हा खिशात गूळ-शेंगदाणे असू द्या.

इथे अडचण अशी येते की तिन्ही गड एकाच खेपेत न झाल्यास अख्खी यादी लटकते. पर्याय सोपा आहे. रसाळगड आणि महिपतगड एकेकटे, वेगवेगळ्या बाजूंनी एका दिवसात होतात. सुमारगड तेवढा पुढच्या हिवाळ्याला ठेवा आणि बाराऐवजी अकरा लिहा.

शेवटचा गड आणि भरती-ओहोटी

कोर्लई मुद्दाम शेवटी ठेवला आहे. समुद्रात घुसलेली एक टेकडी, दीपगृहाकडून थोडक्या पायऱ्या, माथ्यावर पोर्तुगीजांची तटबंदी आणि तोफा, एका बाजूला रेवदंड्याची खाडी. गावातली ख्रिश्चन वस्ती आजही पोर्तुगीजातून आलेली बोली बोलते. चढ अर्ध्या-पाऊण तासाचा, त्यामुळे हंगामभर घरी राहिलेल्या बायका, नवरे, पोरं, एखादे उत्साही आजोबा, सगळ्यांना आणता येतं. ज्यांनी शनिवार-रविवार सोडून दिले त्यांचा एवढा हक्क आहेच.

त्याच दिवशी अलिबागचा कुलाबा किल्ला जोडता येतो, यादीबाहेरचा म्हणून. ओहोटीला चालत जाता येतं, पण वेळ साधावी लागते. कोळी लोकांचा जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला पूर्ण भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, सकाळी सव्वानऊच्या सुमाराला, ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, तेव्हा किनाऱ्यावर विचारून खात्री करा. तिथी निवडताना तृतीया-चतुर्थी बरी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी पुरतं मागे हटत नाही; पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी लांबवर जातं, पण ओहोटी सकाळ-संध्याकाळच्या कडेला येते आणि दिवस सोयीचा पडत नाही.

तेव्हा चतुर्थीचा रविवार मिळाला तर सकाळी आठ-सव्वाआठला अलिबागच्या किनाऱ्यावर जमा. पाणी घोट्यापर्यंत उतरलं की चालायला लागा, किल्ल्यातला गणपती बघा, आणि पाणी फिरलं असं कोणी म्हणालं की फोटो अर्धवट टाकून परत या. पाय कंटाळलेल्यांसाठी घोडागाडी आहे. मग नाश्ता करून रेवदंडा, खाडीपूल ओलांडून कोर्लई. ऊन तापलेलं असेल, तेव्हा चढाई चारनंतर करा आणि दुपार सावलीत काढा. दीपगृहाजवळ गाडी लावायला जागा थोडी आहे, दोनच्या वर गाड्या आणू नका.